सीख चांगली, तेल जुने

२०२५ मध्ये धुळवड आणि रमजानचा दुसरा शुक्रवार एकाच दिवशी आले. १४ मार्चच्या सकाळी राज्यातल्या अनेक गावांत मटणाच्या दुकानासमोर दोन प्रकारचे गिऱ्हाईक एकाच रांगेत उभे होते. एकाच्या कपाळावर गुलाल होता आणि घरी रश्श्याची तयारी सुरू होती. दुसऱ्याच्या तोंडात पहाटेपासून पाण्याचा थेंब नव्हता आणि त्याला संध्याकाळच्या इफ्तारची काळजी होती. मटणवाल्याच्या दृष्टीने दोघांत फरक एवढाच की एकाला हाडासकट हवे होते आणि दुसऱ्याला खिमा करून.

संध्याकाळी रांगेची जागा बदलते. मुंबईत मोहम्मद अली रोड, नागपुरात मोमीनपुरा, पुण्यात कोंढव्याची कौसर बाग, शिवाय भिवंडी, मालेगाव आणि लहान गावांतली मशिदीशेजारची गल्ली. मगरीबची अजान झाली, रोजा सुटला, की या रस्त्यांवर पाय ठेवायला जागा उरत नाही. गर्दीत रोजेदार असतात, तसे रोज्याशी काही देणेघेणे नसलेले कॉलेजचे मित्र, कुटुंबासह आलेले शेजारी आणि मोबाइलवर व्हिडिओ काढणारे खवय्येही असतात. या सगळ्यांच्या हातात हमखास दिसणारा पदार्थ म्हणजे सळईवरचे किंवा बांबूच्या काडीवरचे मांस: सीख कबाब, बोटी कबाब आणि अलीकडे सर्वांत जास्त खपणारी, लालभडक, कुरकुरीत चिकनची काडी.

या पदार्थाची जागा गेल्या काही वर्षांत निखाऱ्यावरून कढईत गेली आहे. सीख कबाब मुळात भाजायचा पदार्थ. लोखंडी सळईला खिमा थापायचा, कोळशावर फिरवायचा, वरून तेलाचा हात लावायचा. त्याला वेळ लागतो, कारागीर लागतो, कोळसा लागतो. कढईतली काडी तीन-चार मिनिटांत तयार होते आणि एका वेळी वीस निघतात. गर्दी वाढली तशी शेगडी मागे पडली आणि कढई पुढे आली. चव बदललीच, त्याहून जास्त बदलला तो पोषणाचा हिशेब.

हा हिशेब आज मांडण्याला निमित्त आहे. रमजान सुरू होण्याच्या आठवडाभर आधी, २३ फेब्रुवारीच्या ‘मन की बात’मध्ये पंतप्रधानांनी लठ्ठपणाचा विषय काढला आणि घराघरांत खाद्यतेलाचा वापर १० टक्क्यांनी कमी करण्याचे आवाहन केले. त्याच्या आधी, सप्टेंबर २०२४ मध्ये, केंद्र सरकारने खाद्यतेलावरील आयात शुल्क मोठ्या प्रमाणात वाढवले होते. एक आवाहन आरोग्यासाठी, एक निर्णय शेतकऱ्यासाठी. दोन्हींचा परिणाम रस्त्यावरच्या कढईत एकत्र येतो, आणि तो कुणी ठरवला होता त्यापेक्षा वेगळा आहे.

काडीवरचे मांस काय देते?

आधी मांसाला न्याय द्यायला हवा. कबाब म्हटले की ‘जड’, ‘तेलकट’, ‘कोलेस्टेरॉल’ असे शब्द आपोआप येतात. पण १०० ग्रॅम चरबीविरहित कोंबडीच्या किंवा बकऱ्याच्या मांसात २० ग्रॅमच्या आसपास प्रथिने असतात. म्हशीचे मांसही प्रथिनांच्या बाबतीत मागे नाही आणि त्यात मेद उलट कमी असतो. (महाराष्ट्रात गाईबरोबरच बैल आणि वळूच्या कत्तलीवरही २०१५ पासून बंदी आहे. बाजारात ‘बडा’ म्हणून मिळते ते म्हशीचे मांस.) भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या, म्हणजे आयसीएमआरच्या, निकषानुसार ६५ किलो वजनाच्या पुरुषाला दिवसाला ५४ ग्रॅम प्रथिने लागतात. तेरा तास उपाशी राहिलेल्या हमालाला, गवंड्याला, यंत्रमागावर उभ्या असलेल्या कामगाराला संध्याकाळी मांसाची ओढ वाटते, तेव्हा त्याचे शरीर काही चूक मागत नसते.

दुसरी गोष्ट लोहाची. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीनुसार महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयोगटातील ५४.२ टक्के स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आहे. आधीच्या फेरीत हे प्रमाण ४८ टक्के होते. म्हणजे परिस्थिती सुधारण्याऐवजी बिघडली. मांसातल्या लोहाचा मोठा भाग ‘हीम’ स्वरूपाचा असतो आणि तो भाजीपाल्यातल्या लोहापेक्षा शरीरात सहज शोषला जातो. शिवाय बी-१२ हे जीवनसत्त्व मांसातून मिळते. कबाबासोबत लिंबाची फोड देण्याची जुनी रीत चवीपुरती नव्हती. लिंबातल्या ‘क’ जीवनसत्त्वामुळे सोबतच्या पोळीतले, डाळीतले लोहही अधिक चांगले शोषले जाते.

इथे एक विसंगती नोंदवायला हवी. ज्या घरातल्या बाईला या लोहाची सर्वांत जास्त गरज आहे, ती असरच्या नमाजपासून मगरीबपर्यंत स्वतः रोजा ठेवून चुलीपुढे तळत उभी असते. दस्तरखानावर ती बहुधा शेवटी बसते आणि तिच्या ताटात कबाबापेक्षा भजी आणि उरलेला रस्सा जास्त असतो. बाजारातली काडी तर बहुतेक वेळा बाहेर फिरणाऱ्या मुलाच्या आणि पुरुषाच्याच वाट्याला जाते. पोषणाचा प्रश्न ताटात काय आहे इतकाच नसतो, ताट कुणाचे आहे हाही असतो.

तळणीची किंमत

आता काडी कढईत टाकू. घरच्या काट्यावर मांडता येईल असा हा ढोबळ हिशेब आहे. एका काडीवर ५० ग्रॅम हाडाविना चिकन धरले तर त्यातून सुमारे ११ ग्रॅम प्रथिने आणि ६० कॅलरी मिळतात. कुरकुरीतपणासाठी लावलेल्या मैद्याचा आणि कॉर्नफ्लोरचा १० ग्रॅमचा थर ३५ कॅलरी घालतो. तळताना प्यायलेले ८ ग्रॅम तेल आणखी ७२ कॅलरी घालते. म्हणजे ६० कॅलरींची काडी कढईतून बाहेर पडताना १६५च्या पुढे गेलेली असते आणि प्रथिने मात्र होती तेवढीच राहतात.

चार काड्या खाल्ल्या तर साधारण ६७० कॅलरी आणि ३२ ग्रॅम तेल पोटात जाते. त्याच चार काड्या तेलाचा हलका हात लावून निखाऱ्यावर किंवा तव्यावर भाजल्या, तर हिशेब ३०० ते ३५० कॅलरींवर थांबतो. आयसीएमआर आणि हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने मे २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आहारविषयक मार्गदर्शक सूचनांत २००० कॅलरींच्या आहारासाठी दिवसभराचे तेल-तूप २७ ग्रॅम सांगितले आहे. चार काड्यांतच ती मर्यादा ओलांडली जाते. भजी, समोसा, मालपुवा अजून बाकीच आहेत.

अर्थात हे तेलाचे प्रमाण केवळ रमजानचे किंवा एका समाजाचे नाही. नीती आयोगाच्या ऑगस्ट २०२४ च्या अहवालानुसार देशात दरडोई वर्षाला १९.७ किलो खाद्यतेल खपते. दिवसाला भागले तर ५४ ग्रॅम, म्हणजे २७ च्या बरोबर दुप्पट. सकाळचा वडापाव, दुपारची मिसळ, संध्याकाळची भजी आणि रात्रीची चायनीजची गाडी हे सगळे त्या आकड्यात आहे. आयसीएमआरच्याच २०२३ च्या पाहणीत देशात मधुमेहाचे १०.१ कोटी रुग्ण असल्याचा आणि १३.६ कोटी लोक त्याच्या उंबरठ्यावर असल्याचा अंदाज आहे. या उंबरठ्यावरची माणसे धर्म विचारून निवडलेली नाहीत.

कढईत काय घडते?

तेल किती, यापेक्षा अवघड प्रश्न आहे तो तेल कसले. काडी १७० ते १८० अंश तापमानाच्या तेलात पडते तेव्हा मांसातले पाणी वाफ होऊन जोराने बाहेर येते. तडतड ऐकू येते ती याच वाफेची. वाफ बाहेर ढकलत असते तोवर तेल फारसे आत शिरत नाही. काडी बाहेर काढली आणि ती निवू लागली की आतला दाब कमी होतो आणि पृष्ठभागावरचे तेल आत ओढले जाते. म्हणून गरम असतानाच नीट निथळणे महत्त्वाचे. कढईत एकदम तीस काड्या कोंबल्या की तापमान खाली येते, तळायला वेळ लागतो आणि काडी अधिक तेलकट होते. गर्दीच्या वेळी नेमके तेच घडते.

त्याच वेळी तेलही बदलत असते. उष्णता, हवा आणि मांसातून आलेले पाणी या तिघांमुळे तेलाचे रेणू तुटतात, हवेतल्या प्राणवायूशी जोडले जातात, एकमेकांना चिकटतात. तेल काळपट आणि दाट होते, लवकर धूर सोडते, फेस येतो तो विरत नाही. कढईच्या कडेला चिकट राळेसारखा थर बसतो. दाट झालेले तेल काडीला जास्त चिकटते, म्हणून जुन्या तेलातली काडी नव्या तेलातल्या काडीपेक्षा अधिक तेल घेऊन बाहेर येते. वरून नवे तेल ओतत राहिले तरी जुन्यातला बिघाड जात नाही, उलट नव्यालाही लवकर लागतो.

हा बिघाड मोजता येतो. तेल बिघडताना त्यात तयार होणाऱ्या ध्रुवीय पदार्थांचे एकूण प्रमाण, इंग्रजी आद्याक्षरांनी टीपीसी, हे त्याचे माप. भारतीय अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाच्या, म्हणजे एफएसएसएआयच्या, नियमानुसार १ जुलै २०१८ पासून हे प्रमाण २५ टक्क्यांच्या वर गेलेले तेल तळण्यासाठी वापरता येत नाही. असे तेल वारंवार पोटात जाणे रक्तदाब, रक्तवाहिन्यांचे आजार आणि यकृताच्या विकारांशी जोडले जाते.

कढईपुढे उभ्या असलेल्या माणसाचा विचार तर क्वचितच होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने कडक आचेवर तळताना निघणाऱ्या धुराला ‘माणसात कर्करोग घडवण्याची दाट शक्यता’ असलेल्या गटात ठेवले आहे. गिऱ्हाईक तो धूर पाच मिनिटे घेते. तळणारा पोरगा महिनाभर, रोज सहा-सात तास, बहुधा स्वतःचा रोजा सोडून लगेच त्यात उभा राहतो.

शेगडी म्हणजे निर्दोष असेही नाही. चरबी निखाऱ्यावर ठिबकली की धुरातून घातक पदार्थ मांसावर बसतात, आणि काळा पडलेला, करपलेला भाग खाऊ नये हे खरेच आहे. त्यावर जुना उपाय कबाबच्या पाककृतीतच आहे. दही, लिंबू, लसूण, आले यांच्यात मुरवलेले मांस भाजताना असे पदार्थ कमी तयार होतात, हे अनेक प्रयोगांत दिसले आहे. खानसाम्यांच्या पिढ्यांनी चवीसाठी केले ते प्रकृतीलाही मानवले. आता घाईत मुरवणे गेले आणि त्याच्या जागी रंग आला.

लाल रंग कशासाठी?

हळद, काश्मिरी मिरची आणि दही यांनी येणारा रंग विटकरी असतो. गाडीवरच्या काडीचा लालभडक रंग यांतल्या कशाचाच नसतो. शेजारच्या कर्नाटकाने जून २०२४ मध्ये शाकाहारी, चिकन आणि मासळीच्या कबाबांत कृत्रिम रंग वापरण्यावर बंदी घातली. त्याआधी तिथल्या अन्न सुरक्षा विभागाने राज्यभरातून ३९ नमुने तपासले होते. त्यांतले ८ असुरक्षित निघाले. सनसेट यलो आणि कार्मोइसीन हे रंग त्यांत सापडले. मार्च २०२४ मध्ये त्याच राज्याने गोबी मंच्युरियनच्या रंगावर कारवाई केली, तेव्हा १७१ पैकी १०७ नमुने असुरक्षित ठरले होते.

दोन आकडे शेजारी ठेवले की एक गोष्ट स्पष्ट होते. रंगाची भानगड मांसाहारी पदार्थापुरती नाही. कोबीच्या फुलात ती कबाबापेक्षा जास्त निघाली. देशपातळीवरचे नियमही कृत्रिम रंगांना ठरावीक पदार्थांतच आणि ठरावीक मर्यादेतच परवानगी देतात. गाडीवर चमच्याने अंदाजे टाकलेला रंग त्यात बसत नाही. रंगाचा एक तोटा मात्र आरोग्यापलीकडचा आहे. लाल रंगाखाली मांस ताजे आहे की शिळे, आतपर्यंत शिजले आहे की नाही, हे दिसत नाही. अनेक ठिकाणी दुपारीच काड्या अर्ध्या तळून ठेवतात आणि गर्दी झाली की पुन्हा कढईत टाकतात. अर्धवट शिजलेली कोंबडी तासन्‌तास उघड्यावर राहिली की जिवाणूंना पुरेसा वेळ मिळतो. जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात गियां-बारे सिंड्रोमचे रुग्ण वाढले, तेव्हा काही रुग्णांच्या तपासणीत कॅम्पिलोबॅक्टर हा जिवाणू सापडला. संशयाचा मुख्य रोख दूषित पाण्यावर होता, पण कच्चे राहिलेले चिकन टाळा हा सल्लाही त्याच काळात दिला गेला. दोनदा तळलेली काडी तेलही दोनदा पिते, हे वेगळेच.

महाग तेल, जुने तेल

आता सप्टेंबरच्या निर्णयाकडे येऊ. देशाला लागणाऱ्या खाद्यतेलापैकी निम्म्याहून अधिक बाहेरून येते: पाम इंडोनेशिया-मलेशियातून, सोयाबीन आणि सूर्यफूल इतर देशांतून. १४ सप्टेंबर २०२४ पासून कच्च्या पाम, सोयाबीन आणि सूर्यफूल तेलावरचे एकूण प्रभावी शुल्क ५.५ टक्क्यांवरून २७.५ टक्के झाले आणि रिफाइंड तेलावरचे १३.७५ वरून ३५.७५ टक्के. सोयाबीनचा भाव पडलेला असताना विदर्भ-मराठवाड्यातल्या शेतकऱ्याला आधार मिळावा, हा त्यामागचा हेतू. तो रास्तच होता. पण त्याचा भार १५ किलोच्या डब्यावर आला.

तेल महाग झाले की लोक ते कमी वापरतील आणि आरोग्य सुधारेल, असे वरवर वाटते. घरच्या स्वयंपाकात हे काही प्रमाणात घडतेही. गृहिणी बुधले मोजून वापरते, पुऱ्यांऐवजी पोळ्या करते. तळणीच्या धंद्याचे गणित वेगळे आहे. तिथे कढई भरल्याशिवाय धंदा सुरू होत नाही आणि गिऱ्हाईक काडीला ठरलेल्या वीस-तीस रुपयांपेक्षा जास्त द्यायला तयार नसते. मटण किलोला ७०० रुपयांच्या पुढे गेलेले, चिकन, गॅस, मजुरी सगळे वाढलेले. मग काटकसर करायला एकच जागा उरते, ती म्हणजे कढईतले तेल न बदलणे. दोन दिवस चालणारे तेल चार दिवस चालते. महाग तेलाने रस्त्यावर तेल कमी होत नाही, ते जुने होते.

म्हणून १० टक्के कमी तेलाचे आवाहन घरासाठी योग्य असले तरी बाजारासाठी अपुरे आहे. १० टक्के कमी खाल्लेले तेल जर २५ टक्क्यांची मर्यादा ओलांडलेले असेल, तर त्या कपातीचा फायदा किती उरला?

कायदा कुठे थांबतो?

एफएसएसएआयने २०१८ मध्ये वापरलेल्या तेलापासून बायोडिझेल बनवण्याची ‘रुको’ योजना आणली. मार्च २०१९ पासून दिवसाला ५० लिटरपेक्षा जास्त तेल तळणीसाठी वापरणाऱ्या व्यावसायिकांना त्याची नोंद ठेवणे आणि वापरलेले तेल अधिकृत संकलकालाच देणे आवश्यक झाले. मोठी हॉटेले, फरसाणाचे कारखाने, साखळी उपाहारगृहे त्यात आली. रमजानच्या गल्लीतली गाडी आली नाही, कारण तिची कढई ५० लिटरची नसते. वडापावची आणि भज्यांचीही नसते.

गोची इथेच आहे. तेल फेकायचा नियम मोठ्यांना लागू झाला. पण मोठ्यांकडचे जुने तेल अधिकृत संकलकाकडे न जाता स्वस्तात लहान गाड्यांकडे वळते, ही जुनी तक्रार होती आणि ‘रुको’ आणण्यामागचे एक कारणही तेच होते. तेलाचा प्रवास वरून खाली होतो आणि शेवटच्या पायरीवर तपासणी नसते. त्या पायरीवर खाणारा माणूसही शेवटच्या पायरीवरचाच असतो.

तपासणी झाली पाहिजे हे खरे, पण ती कशी होते यालाही महत्त्व आहे. दिवाळीच्या तोंडावर खव्याचे नमुने घेतले जातात, तेव्हा मिठाईवाल्यांच्या धर्माची चर्चा कुणी करत नाही. कबाबच्या गल्लीत अधिकाऱ्याची गाडी आली की मात्र एका बाजूला ‘आम्हालाच का’ आणि दुसऱ्या बाजूला ‘यांचे असेच असते’ असे दोन्ही सूर निघतात. दोन्ही सूर तेलाला सोडून देतात. पहिल्याच्या आडून विक्रेता सुटतो आणि दुसऱ्याच्या आडून बोलणाऱ्याच्या स्वतःच्या नाक्यावरची कढई. अन्न व औषध प्रशासनाने एकाच आठवड्यात कबाबची गल्ली आणि वडापावचा नाका दोन्हीकडचे तेल तपासून आकडे शेजारी-शेजारी जाहीर केले, तर हा वाद एका दिवसात मिटेल. तेलात बुडवून काही सेकंदांत टीपीसी दाखवणारी, हातात मावणारी यंत्रे उपलब्ध आहेत. प्रयोगशाळेच्या अहवालासाठी ईद उलटून जाण्याची वाट पाहण्याची गरज नाही.

हलाल आणि तय्यब

काडी घेताना रोजेदार गिऱ्हाईक एक प्रश्न हमखास विचारते किंवा विचारण्याची गरज नाही असे धरून चालते: हलाल आहे ना? मुस्लिमेतर वाचकांनाही हा शब्द आता परिचित आहे. मात्र कुरआनमध्ये अन्नाबद्दल बोलताना त्याच्या जोडीला दुसरा शब्द येतो: तय्यब. हलाल म्हणजे ज्याला परवानगी आहे ते, तय्यब म्हणजे जे स्वच्छ, चांगले, शरीराला हितकारक आहे ते. पहिला शब्द पाट्यांवर, पाकिटांवर, भाषणांत, वादांत सगळीकडे आहे. दुसरा कुठल्याच पाटीवर नाही. शरीयतनुसार जबह केलेली कोंबडी चार दिवसांच्या काळ्या तेलात तळली, तर पहिल्या अटीत ती बसते आणि दुसरीत अडते.

खाण्यात अतिरेक नको, पोटाचा काही भाग पाण्याला आणि श्वासाला मोकळा ठेवावा, ही शिकवणही परंपरेत आहेच. रमजान हा जिभेवर ताबा ठेवण्याचा महिना. दिवसभर ठेवलेला ताबा संध्याकाळच्या एका तासात सुटला तर नुकसान दोन्हीकडे होते. रिकाम्या पोटावर आधी गोड सरबत, मग खारट-तेलकट काड्या, त्यानंतर जेवण, आणि तरावीहच्या नमाजला उभे राहताना छातीत जळजळ. काडीतल्या मिठाची तहान दुसऱ्या दिवशीच्या रोज्यात भोवते. मधुमेहाच्या रुग्णांनी रोज्याबाबत डॉक्टरांशी बोलावे, हे तर पुन्हा पुन्हा सांगितले जाते. त्यात इफ्तारच्या ताटाबद्दलही विचारावे, एवढे जोडायला हवे.

करता येण्यासारखे

गाडी बंद करा, असे सांगणे सोपे आहे. पण या महिन्याच्या कमाईवर कित्येक घरांची ईद आणि मुलांची शाळेची फी उभी असते. गल्लीतल्या वीस-पंचवीस गाड्यांचे वापरलेले तेल एकत्र केले तर ते अधिकृत संकलकाने येऊन न्यावे इतके भरते. मशीद कमिटी, व्यापारी संघटना किंवा नगरपालिका यांपैकी कुणीही रात्री एक पिंप ठेवून ही व्यवस्था लावू शकते. संकलक वापरलेल्या तेलाचे पैसे देतो. जुने तेल विकले गेले की नवे ओतण्याचा खर्च थोडा हलका होतो आणि फेकण्याचे दुःख कमी होते. कॉलेजच्या रसायनशास्त्र किंवा गृहविज्ञान विभागाने टीपीसीचे यंत्र घेऊन रोज संध्याकाळी अर्धा तास गल्लीत उभे राहावे. विद्यार्थ्यांना प्रयोग मिळेल, गल्लीला आरसा.

घरी तर आणखी सोपे आहे. खिम्याच्या सीखा लोखंडी तव्यावर दोन चमचे तेलात नीट भाजल्या जातात. तळलेच तर उरलेले तेल गाळून एक-दोन दिवसांत फोडणीला संपवावे, पुन्हा तळणीला घेऊ नये. मैद्याचा थर काढला की अर्धे काम झाले. दोन काड्या, भरपूर कांदा-काकडी, पुदिना, लिंबू आणि मग घरचे जेवण, ही बेरीज रोजेदाराच्या शरीराला पुरते. त्यातली एक काडी तळणाऱ्या बाईच्या ताटात आधी गेली तर अधिक बरे. काडी बांधून आणायची तर छापील कागदात नको. शाईतले शिसे आणि इतर रसायने अन्नात उतरतात, असे एफएसएसएआयने बजावले आहे. वाचून झालेले हे पानही त्याला अपवाद नाही.

आणि गिऱ्हाईकाने कढईकडे बघावे. तेल काळे असेल, फेस विरत नसेल, धुराने डोळे चुरचुरत असतील, तर शेजारी निखाऱ्यावर भाजणारा शोधावा. पाच मिनिटे जास्त लागतील. विक्रेता गिऱ्हाईकाची नजर ओळखतो. गल्लीतल्या दहा माणसांनी एका संध्याकाळी ‘तेल कधी बदलले?’ असे विचारले, तर दुसऱ्या संध्याकाळी कढई वेगळी दिसते.

२०२५ मध्ये ३० मार्चला पाडवा होता आणि त्याच्या मागोमाग ईद. पाडव्याच्या पुऱ्या एका घरात तळल्या जातात, ईदचे कबाब दुसऱ्या घरात, आणि दोन्ही घरांतून ताटे झाकून शेजारी जातात. देवनागरीत ‘सीख’ असे लिहिले की त्याचे दोन अर्थ होतात. एक लोखंडाची सळई, दुसरा शिकवण. सळईवरच्या मांसात दोष नव्हता. या रमजानने शिकवले ते एवढेच, की शेजाऱ्याकडे पाठवायच्या ताटातले तेल नवे असावे.